उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर

महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील परस्परांना जवळजवळ लागून असलेली तीन शहरे. ती मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर असून मुंबईपासूनचे त्यांचे लोहमार्गाने अंतर अनुक्रमे सु. ५८, ६० व ६८ किमी. आहे. लोकसंख्या (२०११) : उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५, कुळगाव-बदलापूर १,७४,२२६. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळवरून बदलापूरपाशी येते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावणारी वालधुनी ही लहान नदी अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून वाहत जाऊन कल्याणजवळ खाडीस मिळते. या दोन प्रवाहांच्या पाण्यावर येथील वस्ती व उद्योग वाढले. त्यामुळे या शहरांच्या उत्कर्षाचा आणि अडचणींचाही इतिहास या नद्यांच्या इतिहासाहून वेगळा काढता येत नाही.

परिसराचे प्राचीनत्व अंबरनाथ येथील शिवमंदिरावरून सिद्ध होते. वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेल्या या मंदिरातील शिलालेख उत्तर कोकणच्या शिलाहार राजा मुम्मुणी (माम्वाणि) याच्या काळचा आहे. भाऊ दाजी यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले होते. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२ (इ. स. १०६०) असल्याचे दाखविले व तेच आता सर्वमान्य आहे. मंदिराच्या उभारणीस मुम्मुणीचा वडील बंधू छित्तराज याच्या कारकीर्दीत प्रारंभ झाला, असे मानतात. मंदिर भूमिज शैलीचे आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खालच्या पातळीवरील गर्भगृहात जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नाही. बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती व वेलबुट्टी यांची दाटीने केलेली शिल्पे आहेत. १८६८ च्या सुमारास शासनाने मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांकडून त्यांची रेखाटने व साचे करवून घेतले. हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून तेथे नित्य पूजाअर्चाही चालते. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते.

आधुनिक काळातील बदलास लोहमार्गाने सुरुवात झाली. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला आणि अंबरनाथ, बदलापूर ही गावे मुंबईशी जोडली गेली. पाणी, मोकळी जमीन व लोहमार्ग यांच्या सान्निध्यामुळे अंबरनाथ येथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना निघाला. तो पुढे बंद पडला, तरी ‘विमको नाका’ हे नाव मागे राहिले आहे. संरक्षण खात्याची आयुध निर्माणी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे येथील दुसरे महत्त्वाचे उद्योग. आयुध निर्माणी मंडळाची २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली, तेव्हा यांतील पहिला कारखाना यंत्र इंडिया व दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगम या कंपनीकडे गेला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) अंबरनाथ व बदलापूर येथील वसाहतींत रसायने, औषधे व अभियांत्रिकी यांचे अनेक कारखाने आहेत.

उल्हासनगरची जडणघडण याहून अगदी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या व युद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. शहराचे भाग अद्यापि ‘कॅम्प’ या शब्दाने व क्रमांकानेच ओळखले जातात. आलेल्यांत व्यापारी व सुशिक्षित नोकरदार पुष्कळ होते. परंतु भांडवल व शेतजमीन जवळ नव्हती. त्यामुळे बराकीतील राहत्या खोलीतच पापड-लोणची, मिठाई, शिवणकाम व किरकोळ वस्तूंची निर्मिती सुरू झाली. माल रेल्वेने मुंबईस नेऊन विकायचा आणि आलेल्या पैशातून पुन्हा कच्चा माल आणायचा, या रीतीने भांडवल साठत गेले. तयार कपडे, लाकडी सामान व विजेची उपकरणे यांच्या बाजारपेठा त्यातूनच वाढल्या. प्रसिद्ध बनावटींची नक्कल करण्याबद्दलही हे शहर ओळखले गेले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही त्यावरची लोकप्रिय कोटी होय. शहाड येथील सेंच्युरी रेयॉन हा येथील प्रमुख मोठा कारखाना आहे.

मूळ छावणीच्या सु. १३ चौ. किमी. क्षेत्रात पाच लाखांवर लोक राहू लागल्याने बांधकामांचा प्रश्न बिकट झाला. ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याविषयीचे न्यायालयीन आदेश आणि त्यानंतर केवळ या शहरासाठी राज्य शासनाने केलेला २००६ चा नियमितीकरणाचा कायदा, हे त्याचे द्योतक होत. उल्हासनगर येथे नगरपालिका १९६० मध्ये व महानगरपालिका १९९६ मध्ये स्थापन झाली. अंबरनाथ व बदलापूर १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत समाविष्ट झाले होते. १९९२ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. बदलापूर हे मुख्यत्वे मुंबईस नित्य ये-जा करणाऱ्या मध्यमवर्गीय नोकरदारांचे शहर बनले आहे.

तिन्ही शहरांत मराठी व सिंधी संस्कृतींचे साहचर्य आढळते. उल्हासनगर हे देशातील सिंधी भाषकांच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होय. १९६७ मध्ये सिंधीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ती अरबी-फारसी वळणाच्या व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. तथापि तरुण पिढीत घरीदारी हिंदीचा वापर वाढत असल्याने तिच्या वाचकवर्गाचा प्रश्न उभा राहिला आहे. चेटीचंड, चालिहा व थदडी हे सण, झुलेलालची मंदिरे, तसेच दाल-पकवान, कोकी व सिंधी कढी हे पदार्थ यांतून सिंधमधील परंपरा टिकून आहे. चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय ही येथील महत्त्वाची शिक्षणसंस्था आहे. बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयात जुन्या व दुर्मीळ मराठी ग्रंथांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे.

शिवमंदिराव्यतिरिक्त शहाडचे विठ्ठल मंदिर (बिर्ला मंदिर), बदलापूरजवळील कोंडेश्वरचे मंदिर व धबधबा, मुळगावचा खंडोबा आणि बारवी धरणाचा परिसर ही प्रेक्षणीय स्थळे आहेत. हाजी मलंग अथवा श्रीमलंग या नावांनी ओळखला जाणारा मलंगगड हिंदू व मुसलमान या दोन्ही धर्मांच्या भाविकांना आकर्षित करतो. बदलापूरची जांभळेही प्रसिद्ध आहेत.

पाण्याचा प्रश्न मात्र तिन्ही शहरांना समान आहे. नदीचे नाव धारण करणाऱ्या उल्हासनगरकडे स्वतःचा जलस्रोत नाही. औद्योगिक विकास महामंडळाकडून त्यास पाणी विकत घ्यावे लागते. महामंडळाचे बारवी धरण हा त्याचा मुख्य आधार असून धरणाची उंची वाढविताना मुरबाड तालुक्यातील काही गावांना विस्थापित व्हावे लागले. दुसरीकडे, कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी वालधुनीत आणि उल्हासमध्ये जाते. २०१४ मध्ये उल्हासनगर येथे टँकरमधून वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना बाधा झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल संबंधित संस्थांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. जीन्स कापड धुण्याच्या व रंगविण्याच्या शेकडो कारखान्यांवर २०१८ च्या सुमारास कारवाई झाली. तीमुळे नदीवरील भार कमी झाला. पण त्यांवर पोट असलेल्या कामगारांचा रोजगारही गेला. काठावरील भराव व बांधकामे यांमुळे पुराची तीव्रता वाढते. २६ जुलै २००५ च्या महापुरात या भागाची मोठी हानी झाली, तर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील सु. एक हजार प्रवाशांची नौका व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने सुटका करावी लागली. शिलाहारांनी ज्या वालधुनीच्या काठी मंदिर उभारले, तीच आज ठिकठिकाणी नाल्याच्या स्वरूपात वाहते. तिचे व उल्हास नदीचे शुद्धीकरण आणि छोट्या उद्योगांना परवडेल अशी सांडपाणी-प्रक्रियेची सामाईक व्यवस्था यांवर या शहरांचे आरोग्य व रोजगार दोन्ही अवलंबून आहेत.