टिपऱ्यांवरची तक्रार

मैत्रिणींनो, दु:खाचं गाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? संथ चाल, बासरी नाहीतर सारंगी, खिडकीशी उभी असलेली बाई आणि बाहेर पाऊस. सिनेमाने आपल्याला ही सवयच लावून ठेवली आहे. बाईला दु:ख झालं की तिने हळू बोलावं, हळू गावं. पण ज्या गाण्यावर उड्या माराव्याशा वाटतात, त्याच गाण्याच्या पोटात रडू दडलेलं असतं, असंही होतं बरं का! तिकडे अमेरिकेत अशा गाण्यांची एक जातच आहे. तिला ‘पॉप-पंक’ म्हणतात.

नाव ऐकून बिचकू नका. मी धुळ्यात वाढलेली आणि लग्न होऊन जळगावात आलेली बाई. माझा आणि इंग्रजी गाण्यांचा संबंध तसा बेताचाच. वैशाली सामंतच्या ‘ऐका दाजिबा’वर लग्नाच्या हळदीत नाचले, तेवढीच माझी पॉप संगीताशी ओळख. ही नवी ओळख करून दिली ती माझ्या भाचीने. तिचा जीव की प्राण म्हणजे ‘पॅरामोर’ या अमेरिकन बँडचा ‘रायट!’ हा अल्बम. तो आला जून २००७ मध्ये. तेव्हा ही पोर प्राथमिक शाळेत होती. कॉलेजात गेल्यावर मोबाइलवर तो तिच्या हाती लागला आणि तेव्हापासून सुटलेला नाही.

एकदा आम्ही दोघी जळगावहून गाडीने धुळ्याला निघालो आणि तिने तो लावला. अकरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. एरंडोल येईतो संपलासुद्धा! मला नुसता धडधडाट ऐकू आला. पारोळ्याच्या पुढे तिने पुन्हा लावला, तेव्हा मात्र माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. मग मी विचारलं, “अगं, हे आहे तरी काय?”

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. पंक संगीत १९७०च्या दशकात फोफावलं. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ बँडची पहिली रेकॉर्ड १९७६ची. तिच्यात चौदा गाणी, आणि सगळी अर्ध्या तासाच्या आत! लांबलचक वादनाची कसरत नाही, तालीम घेतलेला गोड गळा असलाच पाहिजे असंही नाही. गिटारचे तीन-चार कॉर्ड, भरधाव ड्रम आणि मनात आहे ते ओरडून सांगायचं. यालाच पुढे कोणी सोपा, गोड, सगळ्यांना म्हणता येईल असा मुखडा जोडला, की झालं पॉप-पंक. १९९४ साली ‘ग्रीन डे’च्या ‘डूकी’ने ही गाणी घरोघरी नेली. पण हा सगळा मामला बहुतेक पोरांचाच. पोरं चिडणार, पोरं ओरडणार आणि पोरी समोर उभ्या राहून ऐकणार. २००२ मध्ये कॅनडाची सतरा वर्षांची एव्हरिल लव्हिन ‘लेट गो’ घेऊन आली, तेव्हा त्यात मुलीचा आवाज मोठ्याने घुमला. आणि पाच वर्षांनी आली ‘रायट!’वाली हेली विल्यम्स.

हेलीचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा. आई-वडिलांचा घटस्फोट झालेला. ती आईबरोबर टेनेसीतल्या फ्रँकलिन या गावी आली आणि तिथल्या मुलांबरोबर २००४ मध्ये बँड उभा राहिला. रेकॉर्ड कंपनीला खरं तर ही एकटीच हवी होती. सुंदर पोरगी, खणखणीत आवाज, एकटीला पॉप गायिका करू म्हणाले. पण ही म्हणाली, मला बँडमध्येच गायचंय. शाळकरी वय आणि मोठ्या कंपनीपुढे एवढा हट्ट! ‘रायट!’ आला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. रायट म्हणजे दंगल. पण इथे दगडफेक नाही. मनात कोंडलेलं एकदम उसळून बाहेर येतं, ती दंगल. पहिल्याच गाण्याच्या नावाचा अर्थ काय, तर निराशावादी असूनही मी बऱ्यापैकी आशावादी आहे! अल्बमचा सगळा स्वभाव त्या एका नावात आला, नाही का?

गाणी ऐकाल तर लक्षात येईल, शब्द बहुतेक तक्रारीचे आहेत. मन मोडलंय, कोणी फसवलंय, डोक्याचं ऐकायला हवं होतं आणि मनाचं ऐकलं. पण चाल अशी की बसवत नाही. कडव्यात गिटार दबकत चालते, आवाज दाबलेला. मग मुखडा येतो आणि कुकरची शिट्टी व्हावी तसं सगळं एकदम मोकळं होतं. या खटक्यातच त्या गाण्यांची खरी गंमत आहे.

ही गंमत माझ्या नीट ध्यानात आली ती मागच्या वर्षी, फार वाईट दिवसांत. भाचीचा साखरपुडा झाला होता. लग्नाची तारीख धरली होती, हॉलचा ॲडव्हान्स दिला होता. आणि मुलाकडून निरोप आला, जमणार नाही. कारण? “मुलगी फार बोलते.” हे बोलणं आलं मुलाच्या बहिणीच्या तोंडून. मी धुळ्याला गेले तर घरात सुतक पडल्यासारखं. दादा ओट्यावर बसून राहायचा. वहिनी डोळ्यांना पदर लावून पोळ्या लाटायची. शेजारच्या बायका चौकशीला येऊन हळूच बोलायच्या. आणि भाची? ती गच्चीवर ‘रायट!’ लावून, ओढणी कमरेला खोचून, पाण्याची टाकी घासत होती आणि मोठमोठ्याने गात होती!

वहिनी मला म्हणाली, “ताई, तिला सांगा हो जरा. लोक म्हणतील, पोरीला काही वाटलंच नाही.”

खरी मेख इथेच आहे. मुलगी रडली तर बिचारी, भांडली तर तोंडाळ, आणि गायली तर निर्लज्ज. दुखावलेल्या मुलीने कसं दिसावं, हेसुद्धा आपण ठरवून ठेवलेलं. मी गच्चीवर गेले. टाकी घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाणं काही थांबत नव्हतं. मला म्हणाली, “आत्या, संथ गाणं लावलं ना की मी तळाला जाते. हे लावलं की निदान हात चालतात.”

खाली आले तर माझी आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, माळ ओढत बसलेली. वहिनीची तक्रार तिने ऐकली आणि म्हणाली, “गाऊ दे वं तिले. रडत बसापेक्षा बरं शे. आम्ही भुलाबाईले काय करूत?”

मी चमकलेच. भुलाबाई! आपल्या खान्देशात कोणी भुलाबाई म्हणतं, कोणी गुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेला बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर पोरी घरोघर जाऊन टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. ती गाणी आठवून बघा. सासू माहेरी पाठवत नाही, नणंद चहाडी करते, काम संपत नाही, भाऊ न्यायला येत नाही. एकेक दु:ख असं की ऐकणाऱ्याचं काळीज हलावं. पण चाल? टिपरीवर टिपरी, ठेक्यावर ठेका, ओळी सोप्या, फिरून फिरून त्याच, नव्याने आलेल्या पोरीलाही दोन मिनिटांत म्हणता येतील अशा. कोणाचाच गळा परीक्षेला बसलेला नाही. एकटीने म्हटली असती तर घरातल्यांनी गप्प बसवलं असतं, म्हणून पंधराजणींनी मिळून म्हणायची. पॅरामोरच्या कार्यक्रमातही अशीच एक रीत आहे. ‘मिझरी बिझनेस’ या गाण्याच्या शेवटी हेली समोरच्या गर्दीतून कोणाला तरी मंचावर बोलावते आणि उरलेलं गाणं तिच्या बरोबरीने गायला लावते. तेही रिंगणच की!

याच ‘मिझरी बिझनेस’ची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अल्बममधलं ते सर्वांत गाजलेलं गाणं. हेलीने ते अगदी कोवळ्या वयात लिहिलेलं. त्यात एक मुलगी दुसऱ्या मुलीवर मात करून मुलगा मिळवते आणि तिला एक घाणेरडा शब्द वापरते. वय वाढलं तसं हेलीलाच ते खुपायला लागलं. २०१८ मध्ये मंचावरून सांगून तिने ते गाणं म्हणणंच थांबवलं. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, पुन्हा म्हणायला घेतलं. पण मधल्या काळात जगभरच्या हजारो मुलींनी त्या एका शब्दावर विचार केला.

आपल्याही गाण्यांत दुष्ट कोण? सासू आणि नणंद. सासरा, नवरा, दीर बहुतेक नामानिराळे! माझी आई लहानपणी सासूच्या नावाने टिपऱ्या वाजवत होती आणि पुढे स्वत:च सासू झाली. मीही कोणाची तरी नणंदच आहे. भाचीचा सगळा राग आधी त्या मुलाच्या बहिणीवर होता. मी तिला एवढंच विचारलं, “बोलली बहीण, पण ज्याचं लग्न होतं तो कुठे होता गं?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तो शेजारीच बसला होता, आत्या. खाली मान घालून.” त्या दिवसापासून तिचा राग योग्य घरी गेला, आणि मला वाटतं, हलकाही झाला.

आता ती नाशिकला नोकरी करते. लग्नाचं तिचं ती बघेल. पॅरामोरला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तर ते सांगायला तिचा सकाळी सकाळी फोन! वहिनीला त्यातलं काही कळलं नाही, पण फोनवर पोरीचा आवाज ऐकून तिने साखर वाटली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखाद्या पोरीच्या खोलीतून धाडधाड काही वाजू लागलं, तर आवाज कमी कर म्हणून दार ठोठावण्याआधी दोन मिनिटं बाहेर उभ्या राहा. शब्द कळले नाहीत तरी चालतील. तिला काही झालंय का, ते विचारा. आणि कोजागिरी जवळ आली असेल तर तिच्या हातात टिपऱ्या द्या, एक जोडी आपणही घ्या. आपल्यालाही बरंच काही म्हणायचं राहिलेलं असतं.