पाटीवरचा आकडा आणि रस्त्यावरचा वेग



गडमुडशिंगीत आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, हिशेब झाला आणि विषय निघाला हुपरी रोडचा. शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडता येत नाही. गांधीनगरला दुकानात कामाला जाणाऱ्या बायकांना संध्याकाळी अंधारात कडेनं चालत यावं लागतं. त्यात गळीत हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्या. एकजण म्हणाली, "गावाच्या दोन्ही अंगाला चाळीसची पाटी लावा म्हणून अर्ज देऊया." लगेच दुसरी म्हणाली, "पाटी लावून काय हुणार हाय? वाचतंय कोण?"

दोघींचंही खरं आहे. कसं, ते आज बोलूया.

आधी वेगाचं गणित. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढं जाते. समोर पोर आडवं आलं, ते चालकाला दिसलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढं आलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. हीच गाडी ४० च्या वेगात असेल तर सगळं मिळून २५-२६ मीटरमध्ये थांबते. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या ब्रेकचा. पावसात किंवा भरलेल्या ट्रॉलीला याहून जास्त अंतर लागतं.

आता समजा, पोर ३० मीटरवर आहे. चाळीसची गाडी त्याच्या अलीकडं थांबते. साठची गाडी मात्र त्याच्यापाशी पोचते तेव्हा तिचा वेग अजून पन्नासच्या वर असतो. फरक वीसचा दिसतो, पण एकीकडं पोर घाबरून घरी येतं आणि दुसरीकडं दवाखान्याची धावपळ, नाहीतर त्याहून वाईट.

शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाड्यांचा सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या शंभरातली ६४ दुचाकीवरची किंवा पायी चालणारी होती. म्हणजे आपल्यासारखीच. त्यांच्या अंगाभोवती गाडीचा पत्रा नसतो.

मर्यादा कमी केल्यानं खरंच फरक पडतो का? फ्रान्स देशाचं उदाहरण घ्या. तिथं १ जुलै २०१८ पासून गावांबाहेरच्या, मधे दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर मर्यादा ९० वरून ८० केली. लोक चिडले, मोर्चे निघाले. सगळ्यांनी काही ती पाळली नाही. मोटारींचा सरासरी वेग जेमतेम साडेतीन किलोमीटरनं उतरला. तरीही तिथल्या सरकारी संस्थेनं वीस महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे साडेतीनशे जीव वाचल्याचं दिसलं. थोडा वेग उतरला तरी एवढा उपयोग होतो.

पण नुसत्या पाटीनं भागत नाही, हे आपल्याच महामार्गावर दिसतं. आपल्याजवळून जाणारा पुणे-बेंगळुरू रस्ता पुण्यात नवले पुलाजवळ लांब उतारानं खाली येतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका अवजड वाहनानं ४८ गाड्यांना धडक दिली. त्यानंतर उपाय झाले, वेगाची मर्यादाही होती. तरी १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच भागात पुन्हा मोठा अपघात होऊन ८ जणांचा जीव गेला. भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर तापून निकामी झाले, तर पाटी तिला अडवू शकत नाही.

उलट, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. तिथं धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, वेगावर नजर ठेवली, जखमींना मदत लवकर मिळेल असं पाहिलं. २०२३ पर्यंत आकडा निम्म्याहून खाली आला. वेगाची मर्यादा, रस्त्याची दुरुस्ती आणि तपासणी, तिन्ही जोडीनं लागतं.

म्हणून अर्जात नुसती पाटी मागू नका. हे मागा: शाळा आणि एसटी थांब्याजवळ वेगमर्यादा, ओलांडायला पांढरे पट्टे, दिवे, चालायला कडेची मोकळी जागा आणि अधूनमधून पोलिसांची तपासणी. गतिरोधक मागितला तर नियमाचा मागा. नियमाचा गतिरोधक चार इंच उंच आणि सुमारे बारा फूट रुंद असतो, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनेची पाटी असते. रातोरात टाकलेल्या अरुंद, उंच ढिगाऱ्यावरून गाडीच्या मागं एका अंगाला बसलेली बाईच आधी पडते.

अर्ज द्यायचा कुणाला? राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्गासाठी महामार्ग प्राधिकरण. ग्रामसभेत ठराव करा, तो अर्जाला जोडा आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलिसांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, वेळ जातो. हिशेब करूया. गावाजवळचे तीन किलोमीटर साठनं गेलं तर तीन मिनिटं लागतात, चाळीसनं गेलं तर साडेचार. दीड मिनिटाचा फरक. चुलीवर दूध उतू जायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि एक काम अर्जाशिवाय होतं. रस्त्यावर सुसाट जाणारी पोरं आपल्याच घरची असतात. संध्याकाळी गाडीची किल्ली हातात देताना त्याला हे दीड मिनिट समजावून सांगा.