जहाज भिवंडीत, दार वसईत

दिघाशीसारख्या भिवंडी तालुक्यातल्या गावातून समुद्र दिसत नाही. तरीही मराठी आरमाराचा आरंभ याच मुलखात झाला. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच तिथे जहाजे बांधली जाऊ लागली. मोकळा किनारा सोडून खाडीच्या इतक्या आत हा कारखाना का?

पहिले कारण लाकूड. कल्याणहून शिसवी ओंडके परदेशी जातात, अशी नोंद सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने केली होती. सह्याद्रीच्या उतारावर सागही होता. सागात तेल असते, म्हणून त्यात ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. युरोपातल्या ओकमधले आम्ल मात्र ते खाते. अवजड ओंडके लांब किनाऱ्यापर्यंत नेण्यापेक्षा जहाजच रानाजवळ बांधणे सोयीचे.

दुसरे कारण पाणी. लाकूड पोखरणारा जहाजकिडा खाऱ्या पाण्यात फोफावतो, गोड्या पाण्यात तगत नाही. जहाज पोलादी असले तरी गोडे पाणी त्याला मानवते. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत 1906 साली बांधलेले ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज 2013 पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालत होते. मात्र त्या सरोवरांतल्या जहाजांची लांबी-रुंदी सरोवरे ठरवत नाहीत. त्यांना जोडणाऱ्या कालव्यांचे जलपाश ठरवतात. जहाज केवढे असावे, हे वाट सांगते.

भिवंडीची अडचणही वाटेचीच होती. आतले जहाज समुद्राला लागायचे तर ठाणे किंवा वसईवरून जाणे भाग, आणि दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज बसलेले. कारागीरही त्यांच्याच मुलखातले. रुई लैतांव व्हिएगस आणि त्याच्या हाताखालची माणसे महाराजांच्या कामावर होती. हे आरमार दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहे, असे महाराज सांगत. 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात तरीही धास्ती दिसते. शेवटी वसईच्या अधिकाऱ्यांनी त्या कारागिरांची मने वळवली आणि ते काम सोडून निघून गेले. ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्याच हाती कसब, हा धडा महागात पडला. वसई मराठ्यांकडे आली ती 1739 मध्ये.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आले. जहाजे फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत, असे ते सांगते. त्याहून मोलाची आहे ती लाकडाची शिस्त. सागवान तोडायचे तेही परवानगीने. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. जहाजाला ती लाकडे उपयोगी पडतात हे ठाऊक असूनही हा नियम आहे, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात.

आरमाराचा इतिहास आपण बहुधा जलदुर्गांपासून वाचतो. तो रानापासून वाचला, तर दिघाशीच्या आसपासचा डोंगरउतारही त्या इतिहासात येतो.