बोटीवरचा फ्रिज, मळ्यातल्या शेडमध्ये

जालन्याला समुद्र नाही. पण कडवंचीसारख्या गावी द्राक्षबागेतल्या शेडमध्ये वीज गेली, की अडचण बोटीवरचीच: बॅटरीवर थंडावा कसा टिकवायचा? म्हणून बोटीवरचा १२ व्होल्टचा छोटा फ्रिज इथेही चालतो.

घेताना आधी आत कॉम्प्रेसर आहे का, ते बघा. स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक पेटी बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० अंशच खाली जाते. मे महिन्यात बाहेर ४२ असेल तर आत २२. त्यात दूध नासणारच!

मग हिशेब बॅटरीचा. कॉम्प्रेसर ४५ वॅटचा धरला तर तो सुमारे ४ अँपिअर ओढतो. निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ४८ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर खराब होते; म्हणजे ती जेमतेम एक दिवस पुरेल. उन्हाळ्यात तेवढीही नाही. सोलर पॅनेल हवेच.

वायर जाड आणि आखूड घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडते आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. मग दोष उगाच फ्रिजला. मागे हवा खेळती ठेवा, पत्र्याला चिकटवू नका. झाकण वर उघडणारे असेल तर उत्तम, कारण थंड हवा जड असते, ती तळाशीच राहते.