बोंडअळीची मोजदाद

महागाव तालुक्यातल्या कपाशीत गुलाबी बोंडअळ्या नेमक्या किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. अळी हिरव्या बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही. म्हणून मोजायचे ते नमुन्यावरून. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावतात. त्यातल्या मादीच्या कृत्रिम गंधाने फक्त नर पतंग येतात, म्हणजे हाती लागतो तो संख्येचा कल, पूर्ण शिरगणती नव्हे. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे धरतात. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, पाहाव्यात आणि वीसेक हिरवी बोंडे फोडून बघावीत. माझ्या मते जास्त भरवसा या बोंडे फोडण्याचाच; कंटाळवाणे काम, म्हणूनच ते टाळले जाते.

वाढीचे गणित बघा. मादीने 100 अंडी घातली आणि त्यातली 10च पतंग होईपर्यंत जगली, निम्म्या माद्या धरल्या, तरी पिढीगणिक संख्या पाचपट. पिढी साधारण महिन्याची. चार पिढ्यांत 625 पट! प्रत्यक्षात मित्रकीटक, पाऊस आणि संपत चाललेली बोंडे लगाम घालतात. पण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवली की अळीला खाणे मिळतच राहते. 2017 मध्ये विदर्भात उद्रेक झाला, त्यामागे बीटी वाणांना पचवू लागलेल्या अळीइतकाच या लांबलेल्या हंगामाचाही हात होता. हंगाम वेळेत संपवून पऱ्हाट्या काढल्या, तर पुढच्या वर्षीची सुरुवातच थोड्या पतंगांवर होते.