हेडलाइटचा बल्ब बदलण्यापूर्वी

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवरून रात्री गाडी हाकणे जिवावर येते. उसाने गच्च भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे तांबडा दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो लोंबणाऱ्या पाचटाआड गेलेला असतो. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मोटारचालकाला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला जेमतेम वेळ उरलेला असतो. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेली मंडळी, रस्त्यात बसलेली गुरे, घाटात फलकाविना सुरू असलेले काम, हेही सगळे अंधारातच. अशा रस्त्यांवर गाडीचा उजेड कमी पडतो असे कोणी म्हणाले तर ती हौस समजू नये, ती गरज आहे.

म्हणून तर पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावातल्या छोट्या दुकानापर्यंत पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बांना गिऱ्हाईक तुटत नाही. जोडी खोक्यातून काढायची, जुना हॅलोजन बल्ब उपसायचा, नवा बसवायचा. चहा येईपर्यंत काम होते. दुकानासमोरची भिंत लख्ख उजळते आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघते. ही खुशी कितपत खरी, ते मात्र भिंतीवर कळत नाही. ते रात्री, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांना कळते.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या काचेत दोन तारा असतात. एक ५५ वॉटची, डिपरसाठी. दुसरी ६० वॉटची, अप्परसाठी. डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. खालच्या बाजूला जाणारा प्रकाश ती अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. म्हणजे डिपरवर असताना बराचसा उजेड मुद्दाम वाया घालवला जातो. उरलेला रिफ्लेक्टर रस्त्यावर अशा बेताने पसरवतो, की वरच्या कडेला एक स्वच्छ रेघ उमटावी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ती रेघ डावीकडे किंचित वर चढते. कडेने चालणारी माणसे, फलक, मैलाचे दगड त्यामुळे दिसतात. उजवीकडे, जिथून समोरची वाहने येतात, ती सपाट आणि खाली राहते. परदेशातून आलेले, उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचे वापरलेले दिवे भंगार बाजारातून आणून बसवले तर हा हिशेब नेमका उलटा होतो आणि चढता भाग समोरच्याच्या तोंडावर येतो.

या रचनेत तारेची जागा मिलिमीटरच्या भाषेत ठरलेली असते. रिफ्लेक्टरचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर धरले आणि प्रकाशाचा उगम फक्त एक मिलिमीटर खाली सरकला, तर पन्नास मीटर पुढे झोत जवळजवळ दोन मीटर वर उचलला जातो. मोटारीचा दिवा जमिनीपासून सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर असतो. दोन मीटर वर गेलेला झोत कोणाच्या डोळ्यांत जाणार हे वेगळे सांगायला नको.

आता दुकानातला एलईडी बल्ब हातात घेऊन पाहावा. मधोमध एक धातूची पट्टी, तिच्या दोन बाजूंना पिवळसर चिप चिकटवलेल्या, मागे पंखा. हॅलोजनची तार सर्व दिशांना सारखी उजळते. या चिप मात्र डावीकडे आणि उजवीकडे सपाट पृष्ठभागावरून प्रकाश फेकतात. पट्टीलाही जाडी असते, त्यामुळे तारेच्या नेमक्या जागी प्रकाश येतच नाही. तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरला हा उगम अनोळखी असतो. परिणामी रेघ पुसट होते, काही प्रकाश आकाशात जातो, काही समोरच्या काचेवर, आणि बराचसा गाडीच्या पुढ्यातच सांडतो.

पुढ्यात सांडलेला हा उजेडच चालकाला फसवतो. बॉनेटपुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत दिसले की ‘लाइट जबरदस्त झाला’ असे वाटते. पण जवळच्या झगझगाटामुळे डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि शंभर मीटरवरचा अंधार अधिकच दाट होतो. ती उसाची ट्रॉली नेमकी तिथेच असते.

एचआयडी, म्हणजे बोलीभाषेतला झेनॉन, याची गोष्ट थोडी वेगळी. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये हे दिवे पहिल्यांदा आले. यात तार नसतेच. वायू भरलेल्या नळीत वीस हजार व्होल्टहून मोठा झटका देऊन विजेचा कंस पेटवतात, आणि मग बॅलास्ट नावाची पेटी तो तेवत ठेवते. ३५ वॉटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन प्रकाश मिळतो. एच४ च्या डिपरला साधारण १००० मिळतो. प्रकाश तिप्पट झाला तसा युरोपात नियमही कडक झाला. मागच्या सीटवर माणसे बसली आणि गाडीचे नाक उचलले गेले, तर दिवा आपोआप खाली वळला पाहिजे, आणि काचेवरच्या चिखलाने झोत फुटू नये म्हणून ती धुणारी पिचकारी हवी. बाजारातल्या एचआयडी किटमध्ये बल्ब मिळतो, बॅलास्ट मिळतो. समोरच्याला वाचवणारे हे दोन्ही बंदोबस्त मात्र त्यात नसतात. शिवाय हा दिवा पूर्ण तेजाने लागायला काही सेकंद घेतो, म्हणून पटकन अप्पर द्यायला तो कामाचा नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एलईडी हे तंत्रज्ञान वाईट नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि पांढरा एलईडी त्याच निळ्यातून जन्मला. २००७ च्या सुमारास लेक्सस एलएस ६००एच या गाडीत डिपरसाठी एलईडी आले, आणि आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही ते असतात. पण तिथे भिंग, रिफ्लेक्टर, उष्णता बाहेर टाकणारे पंखे, सगळे त्या चिपभोवती आखलेले असते. चिप तीच असली तरी दिवा संपूर्ण वेगळा. शेजाऱ्याच्या गाडीला कंपनीचा एलईडी आहे, म्हणून आपल्या हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घालणे हे त्याच्या डोळ्याचा नंबर असलेला चष्मा आपण लावण्यासारखे आहे.

खोक्यावरचे आकडे तर वाचूच नयेत. ‘२०,००० ल्युमेन’ असे छापलेले असते. मोटारीच्या दिव्यातला चांगला एलईडी एका वॉटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे वीस हजारांसाठी दोनशे वॉट लागतील. तेवढी वीज एच४ साठी बसवलेल्या फ्यूजला आणि वायरला पेलवणार नाही. प्रत्यक्षात हे बल्ब वीस-तीस वॉटचे असतात.

‘६००० केल्विन’ हा आकडाही उजेडाचा नाही, रंगाचा आहे. हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा, पिवळसर. आकडा वाढेल तसा प्रकाश निळसर होत जातो, आणि निळसर झोत समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो. साठीनंतर डोळ्याचे भिंग धूसर होऊ लागते, त्यात प्रकाश विखुरतो आणि दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. ऐंशीच्या वेगात दोन सेकंद दिसले नाही, तर गाडी सुमारे ४५ मीटर आंधळेपणाने धावलेली असते. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर आणि बोगनवेल लावतात, त्यामागे समोरच्या झोताला आडोसा हाही एक हेतू असतो. जिथे दुभाजकच नाही अशा दुपदरी रस्त्यांवर तो आडोसा कोण देणार?

कायद्याने हे सारे आधीच ओळखले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५ वा नियम समोरची माणसे आणि वाहने १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसावीत असे सांगतो. लगेच पुढचा, १०६ वा, त्या उजेडाला लगाम घालतो. दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवेल असा झोत चालणार नाही. दीड मीटर ही जवळपास दुचाकीस्वाराच्या डोळ्यांची उंची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न असाच आहे. ब्रिटनने २०२१ पासून वार्षिक तपासणीत हॅलोजनच्या दिव्यात एलईडी किंवा एचआयडी बल्ब घातलेली मोटार नापास करायला सुरुवात केली. जर्मनीने वेगळी वाट काढली. २०२० मध्ये ऑस्रामच्या एका एलईडी बल्बला तिथे परवानगी मिळाली, पण सरसकट नव्हे. ज्या मॉडेलच्या दिव्यात तो तपासून झाला, त्यांची यादी आहे, आणि यादीतल्या गाडीलाच तो बसवता येतो. हाच मार्ग शहाणपणाचा आहे. बल्बाची परीक्षा त्याच्या दिव्यासकटच व्हायला हवी, आणि आपल्याकडेही अशी यादी असायला हवी.

मग उजेड वाढवायचा कसा? आधी दिव्याची काच पाहावी. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असते, आणि उन्हाने काही वर्षांत पिवळी, धुरकट होते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१८ मध्ये तपासले तेव्हा अशा धुरकट दिव्यांतून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. तो दिवा नीट पॉलिश करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने बदलतो. बल्बापाशी पोचणारे व्होल्टेज दहा टक्के घटले, तर उजेड तीस टक्के घटतो. जुन्या गाड्यांत बारीक वायर, गंजलेले अर्थिंग आणि झिजलेला स्विच यांच्यात एवढी घट सहज होते. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरीपासून जाड वायर आणि मधे रिले घालून देतो; स्विचवरचा भार उतरतो आणि तोच जुना ६०/५५ चा बल्ब पालटल्यासारखा उजळतो. तयार हार्नेस असेल तर मूळ वायर कापावी लागत नाही, कपलरमध्येच जोडता येते. वायर कापली तर गाडीच्या वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. ‘१००/९०’ वॉटचे बल्ब मात्र रिले असला तरी घेऊ नयेत. ते नियमाबाहेरचे आहेत, आणि त्यांच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो.

तिसरे, झोताची उंची. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. डिपरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक चकती असते, ती यासाठीच. मागे माणसे-सामान भरले की ती फिरवून झोत खाली घ्यायचा. अनेकांच्या गाडीत ती वर्षानुवर्षे शून्यावर असते.

एवढे करूनही उजेड कमीच वाटला तर नामवंत कंपनीचा, मूळ वॉटेजचाच, चांगल्या प्रतीचा हॅलोजन घ्यावा. त्याचे आयुष्य थोडे कमी असते, पण त्याची तार नेमक्या जागी बसते. त्याहून पुढे जायचे असेल, तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा प्रमाणित दिवा अख्खा बसवता येईल का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओला आधी विचारावे.

आणि एलईडी बल्ब बसवून झालाच असेल, तर एक काम आजच करावे. रात्री गाडी सपाट जागी उभी करून डिपर लावावा, आठ-दहा मीटर पुढे जावे, किंचित उजवीकडे सरकावे आणि दुचाकीवर बसल्याच्या उंचीवरून आपल्याच दिव्याकडे पाहावे. डोळे दिपले, तर जुना हॅलोजन परत लावावा.