सावलीचं माप

आषाढातल्या एका सकाळी क्लायंट काकूंचा फोन आला. "अगं, तुझे आरसे पडायला लागलेत."

हौसेने बसवून घेतले तेव्हा ते "आमचे आरसे" होते. पडायला लागले तेव्हा माझे झाले. यात काकूंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीत मी आठ फूट बाय सहा फूट लिपणकामाची भिंत केली होती. त्याआधीच्या हिवाळ्यात कच्छच्या बन्नी भागात फिरून आले होते. तिथल्या गोल मातीच्या घरांनी, त्यांना "भुंगा" म्हणतात, वेड लावलं होतं. चाळलेली चिकणमाती आणि शेण एकत्र मळायचं, बोटांनी त्याच्या दोऱ्यासारख्या वळ्या करायच्या, भिंतीवर त्यांची नक्षी उठवायची आणि मध्ये बोटाच्या नखाएवढे आरसे दाबायचे. बाजारात हेच काम प्लायवर फेविकॉल आणि तयार क्लेने करून मिळतं. मला ते पटेना. मी खरी माती, खरं शेण वापरलं, आणि हे सगळ्यांना सांगतही सुटले. पहिला पावसाळा लागला. भिंत इमारतीच्या बाहेरच्या अंगाची होती, मागून ओल झिरपली, हवाही दमट. माती फुगली, करड्या बुरशीचे ठिपके उठले आणि आरसे एकेक करून सोफ्यामागे पडू लागले.

भिंत मी माझ्या खर्चाने उतरवली. काका तेवढा वेळ पेपर वाचत बसले होते. शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिकडे पाऊस कमी पडतो ना गं?"

कमीच पडतो. पण नुसता पाऊस हे कारण नव्हे. बन्नीतली भिंतही उलते, तिलाही भेगा जातात. फरक एवढाच की तिथे घरातली बाई वर्षातून एकदा ओल्या मातीचा हात फिरवून तिला पुन्हा नवी करते. म्हणजे ती भिंत एकदा करून मोकळं व्हायची वस्तू नाही. ते घरकाम आहे, आपल्याकडच्या सारवणासारखं. आजीच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी जमीन सारवली जायची, तेव्हा कोणी तिला "फिनिश" म्हणत नव्हतं. मी बन्नीतून नक्षी उचलून आणली, तो हात तिथेच राहिला.

त्या वर्षापासून वाळवंटातून वस्तू आणायचं मी बंद केलं. जायचं मात्र बंद केलं नाही. उलट एक सुधारणा केली: डिसेंबरऐवजी मे महिन्यात जायला लागले.

मेमध्ये जैसलमेरला उतरलं की लॉजवाला आधी आपली कीव करतो. "बाईसा, सीझन तो गयो," म्हणतो. पण डिसेंबरात तिथे सगळंच सुंदर दिसतं. कोवळं ऊन, पिवळा दगड, उंटाची सावली. फोटो काढणाऱ्याला तेवढं पुरतं. घर कसं चालतं ते बघायचं तर ते घर ज्या शत्रूसाठी बांधलंय तो समोर हवा. मेच्या दुपारी दोन वाजता तो असतो.

दोन वाजता मी गल्लीत उभी राहिले. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना लागायला थोडंच अंतर उरावं. वर आकाशाची एक पट्टी. दोन्ही बाजूंच्या हवेल्यांचे झरोके पुढे आलेले, त्यामुळे ती पट्टीही दातेरी. आणि तेव्हा मला ते दिसलं, जे हिवाळ्यातल्या दोन फेऱ्यांत दिसलं नव्हतं. भिंतीवर इंचभर जागा सपाट सोडलेली नाही. फुलं, कंगोरे, कमानी, ब्रॅकेट. हे श्रीमंतीचं प्रदर्शन आहेच. पटवा या व्यापारी घराण्याने १८०५ मध्ये पहिली हवेली बांधायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत पाच उभ्या केल्या, त्या काही साधेपणासाठी नाही. पण डोक्यावरच्या उन्हात त्या कोरीवकामाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली खालच्या दगडावर पडते. भिंतीचा बराच भाग स्वतःच्याच सावलीत उभा असतो. सपाट गिलाव्याच्या भिंतीला ही सोय नाही. तिच्यावर ऊन पडतं ते सरसकट.

मग मी जाळीपाशी गेले आणि पर्समधली टेप काढली. लोक बघत होते, बघू देत. जाळीचं भोक दीड इंच रुंद होतं आणि दगडाची जाडी दोन इंच.

हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला, कारण आम्ही डिझायनर मंडळी गेली पंधरा वर्षं जाळी म्हणून जे विकतोय ते बारा मिलिमीटर जाडीच्या एमडीएफमध्ये मशीनने कापलेलं चित्र आहे. त्यातून ऊन जसंच्या तसं आत येतं, फक्त नक्षीच्या आकारात. जाळीचं काम तिच्या नक्षीत नसून तिच्या खोलीत असतं. भोक जेवढं रुंद तेवढंच खोल असेल, तर पंचेचाळीस अंशांपेक्षा वरून येणारा किरण सरळ आत शिरूच शकत नाही. तो भोकाच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून विखरून आत येतो. खोलीत उजेड राहतो आणि डोळे दिपत नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नाही, आतल्या माणसाला रस्ता दिसतो. कारागिराने हे कागदावर मांडलं असेल असं नाही; पण पातळ दगड लावला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात मालकाने त्याला बोलावून घेतलं असतं, हे नक्की.

आणखी एक. झरोक्याचा उंबरा माझ्या गुडघ्याच्याही खाली होता. कारण तिथे बसायचं ते गादीवर, जमिनीलगत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर जाळी आणि वारा. आपण खिडकी तीन फुटांवर ठेवतो, मग जमिनीवर भारतीय बैठक घालतो, आणि त्या बैठकीवर बसलेल्याला आयुष्यभर भिंत बघायला लावतो.

नथमलच्या हवेलीचंही सांगते, कारण ते मला क्लायंटसमोर फार उपयोगी पडतं. ही १८८५ ची. दोन भावांनी, हाथी आणि लुलू यांनी, एकेक बाजू कोरली असं सांगतात. लांबून दोन्ही बाजू सारख्या. जवळ जाऊन बघा, तपशील जुळत नाहीत. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे दिवे मिलिमीटरने जुळले नाहीत म्हणून रात्री अकराला मेसेज करणाऱ्यांना मी या हवेलीचा फोटो पाठवते.

जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, आणि आजही वस्तीचा. त्रिकूट टेकडीवर नव्याण्णव बुरुजांच्या आत माणसं राहतात, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत. हे सगळं ज्या काळी रचलं गेलं तेव्हा पाणी डोक्यावरून वर यायचं; घागरीच्या मापाने खर्च व्हायचं. मग नळ आले, संडास-न्हाणीघरं आली, पाहुण्यांसाठी शॉवर आले. ते पाणी निचऱ्याच्या वाटांनी पूर्ण बाहेर गेलं नाही. टेकडीच्या पोटात मुरलं. पाया भुसभुशीत झाला, काही बुरूज ढासळले. कोथरूडच्या माझ्या भिंतीचं दुखणं मला इथे किल्ल्याएवढ्या आकारात भेटलं. कोरड्या प्रदेशाची वस्तू ओलाव्यात नेली तर मोडते, आणि ओलावा कोरड्या प्रदेशात नेला तरी तेच होतं. किल्ल्यात राहणाऱ्यांनी नळ घेऊ नयेत असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. मीही तिथे दोनदा आंघोळ केली होतीच.

नवं बांधकाम बघायचं म्हणून समच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या कनोई गावातली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा पाहिली. न्यूयॉर्कच्या आर्किटेक्ट डायना केलॉग यांनी केलेली ही लंबगोल शाळा २०२१ मध्ये सुरू झाली. तिथलाच पिवळा दगड, तिथलेच कारागीर, आतून चुन्याचा गिलावा, वर जाळीची भिंत, छतावर सौरपॅनेल, आणि वातानुकूलन नाही. मला तिथलं काय आवडलं? इमारत वाळवंटासारखी "दिसायचा" प्रयत्न करत नाही. आजूबाजूच्या वाळूत ती एखाद्या मोठ्या भांड्यासारखी ठेवलेली आहे आणि आत गेल्यावर कपाळावरच्या आठ्या जातात. बस.

चुना मात्र मी राजस्थानातल्याच शेखावाटीत शिकले, नवलगडला. शिकले म्हणजे पाच दिवस एका म्हाताऱ्या उस्तादांच्या पायाशी बसून बघितला. तिथल्या हवेल्यांच्या आतल्या भिंतींना "आराइश" म्हणतात तो घोटीव चुना आहे. हात लावला तर संगमरवरासारखा थंड आणि गुळगुळीत. चुन्याची कळी विरवून तो चुना पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. त्यात दही घालतात, वरचं पाणी बदलत राहतात. मग संगमरवराची पूड. आधी जाडा थर, मग बारीक, मग साईसारखा शेवटचा. तो ओला आहे तोवर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटायचा म्हणजे किती? मी विचारलं. उस्तादांनी माझ्या हातात दगड दिला आणि चहा प्यायला गेले. दोन तासांनी आले तेव्हा माझा खांदा निकामी झाला होता आणि वीतभर जागेत माझा चेहरा अंधूक दिसत होता. "शुरू हो गया," म्हणाले. शेवटी सुक्या खोबऱ्याने पुसायचं. एक भिंत एका दमात पुरी करायची, नाहीतर सांधा दिसतो.

अकीक म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोटात सापडणाऱ्या गारगोटीची बहीण. आणि चुना तर आपलाच. पुण्यातल्या वाड्यांची कामं घाण्यात मळलेल्या चुन्यात झाली. गोल चरात बैलाने ओढलेलं दगडी चाक फिरायचं, चुन्यात गूळ, बेलफळ पडायचं. चुन्याची भिंत ओल धरते आणि सोडतेही. सिमेंटवर प्लास्टिक रंग मारला की ओल आतच कोंडते आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे मी ज्या ज्ञानासाठी हजार किलोमीटर गेले ते शनिवार पेठेतल्या पडक्या भिंतीत होतं. पण तिथे मला ते शिकवणारं कोणी उरलं नव्हतं.

आता कामांचं. वाकडला अकराव्या मजल्यावर एका तरुण जोडप्याचा फ्लॅट मिळाला. बैठकीची खोली थेट पश्चिमेला. त्यांना "डेझर्ट थीम" हवी होती: बेज भिंती, पंपास गवताचे तुरे, उंटाच्या हाडांची फ्रेम. पंपास गवत दक्षिण अमेरिकेतलं आहे, हे मी पहिल्या मीटिंगला सांगितलं नाही, दुसरीला सांगितलं. मी विचारलं, चार वाजता पडदे का ओढलेत? म्हणे, ऊन येतं ना. मग त्यांच्या घरात वाळवंट आधीच होतं, रोज दुपारी चार ते सात.

सोसायटीच्या नियमाने बाहेरून काही बदलता येत नाही. म्हणून बाल्कनीच्या कठड्यापासून फूटभर आत लोखंडी चौकट उभी केली आणि तिच्यात भाजलेल्या मातीच्या जाळीच्या विटा भरल्या. अडीच इंचांचं भोक, तीन इंचांची खोली. वजन स्लॅबला झेपेल का हे आधी इंजिनिअरकडून तपासून घेतलं. त्याने उंची कमी करायला लावली, ती केली. पश्चिमेचं ऊन मावळतीला आडवं येतं, ते जाळीही पूर्ण अडवत नाही. म्हणून मधल्या पट्ट्यातल्या विटा तिरप्या, उत्तरेकडे तोंड करून बसवल्या. गवंड्याला हे मुळीच पटलं नव्हतं. "ताई, वाकडं दिसंल," तो म्हणत राहिला आणि ओळंबा सोडून सोडून मला दाखवत राहिला. जाळीमागे नऊ इंच उंचीची गादी टाकली आणि तिथे बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी एक चौकोनी झडप ठेवली, उघडझाप करता येणारी. पडदे काढून टाकले.

तक्रार आली ती कामाच्या मावशींची. "ताई, ह्या भोकांत बोट घालून पुसू का?" प्रश्न रास्त आहे. ब्रश दिलाय, त्या तो वापरतात असं मला वाटत नाही.

दुसरं काम संगमनेरजवळ चालू आहे, एका डॉक्टर बाईंचं नवं घर. तिथे आतल्या दोन भिंतींना घोटीव चुना करायचा आहे, त्यांतली एकही बाहेरच्या अंगाची नाही. आरसे नाहीत, उंट नाहीत. नवलगडच्या उस्तादांचा पुतण्या घोटाईला येणार आहे आणि आमचा सोलापूरचा गवंडी त्याच्या हाताखाली शिकायला तयार झालाय, थोडा नाराजीने. दिवाळीनंतर आवारात खड्डा करून कळी विरवली. डॉक्टरबाई दर रविवारी फोन करून विचारतात, झाला का? उस्तादांचा निरोप आहे की अक्षय्य तृतीयेच्या आत चुना बाहेर काढायचा नाही. काल मी जाऊन वर पाणी आहे ना तेवढं बघून आले. चार बोटं होतं.